नोंदवहीचे रकाने

परगावाहून आलेल्या माणसाला मराठीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आपण उतरलात कोठे?" शब्द साधा आहे, पण त्यात बराच इतिहास साठलेला आहे. पूर्वी माणूस घोड्यावरून किंवा बैलगाडीतून खाली उतरे आणि जेथे आपली वळकटी टेकवी, ती त्याची उतरण्याची जागा होई. घोडी गेली, बैलगाड्या मागे पडल्या, आगगाडी आणि एस. टी. आली, परंतु मराठी माणूस परगावी अजून 'उतरतो'च. आगगाडीच्या प्रवाशाला तर 'उतारू' असेच नाव पडून गेले आहे; मग तो गाडीत चढत का असेना!

परक्या गावी दिवस कसाही निघून जातो. देवदर्शन असते, बाजारपेठ असते, नदीचा घाट असतो. खरी विवंचना असते ती रात्रीची. दिवेलागणीची वेळ झाली की गावातील प्रत्येक माणूस आपल्या दाराकडे वळू लागतो, आणि ज्याला त्या गावात दार नाही तो रस्त्यात उभा राहतो. अशा वाटसरूसाठी कोणीतरी छप्पर घालावे, पाण्याची सोय करावी, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, सातवाहनांच्या काळातील एक लेणे आहे. कोकणातील बंदरांतून येणारा माल याच घाटाने वर चढून पैठणच्या बाजूला जाई. लेण्याच्या परिसरात खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे एक प्रसिद्ध पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर या अवलियाच्या दर्ग्याच्या आवारात ती अठराव्या शतकात बांधली गेली. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणावयाचे, त्याच्या जोराने दगडी जाते फिरवावयाचे, आणि तेथे येणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी धान्य दळावयाचे, अशी ती योजना. ज्या साधुपुरुषाच्या नावातच 'मुसाफिर' आहे, त्याच्या दारी प्रवाशाच्या पिठाची काळजी वाहिली जावी, हे योग्यच झाले. त्याच शतकात इंदूरच्या अहिल्याबाई होळकर यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. अहिल्याबाईंनी कधी न पाहिलेल्या गावांतही त्यांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली.

नांदेड हे गोदावरीच्या उत्तर तीरावरील प्राचीन नगर. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली येथे आले. बादशहा बहादूरशहा त्या वेळी दक्षिणेत उतरला होता आणि गुरूंचा प्रवास त्याच्या छावणीबरोबर झाला होता. माधोदास नावाच्या एका बैराग्याची आणि त्यांची भेट नांदेडलाच झाली. तोच पुढे बंदा बहादूर या नावाने पंजाबच्या इतिहासात गाजला. येथेच मारेकऱ्याने गुरूंवर घाव घातला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी देह ठेवला. आपल्यामागे कोणी माणूस गुरू व्हावयाचा नाही, ग्रंथसाहेब हाच गुरू मानावा, अशी त्यांची आज्ञा होती. पुढे पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात या जागी गुरुद्वारा बांधविला. त्यासाठी द्रव्य व कारागीर पंजाबातून आले. नांदेड त्या वेळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या कामाचे मोल अधिक कळते. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक तख्त म्हणजे नांदेडचा हा सचखंड गुरुद्वारा. आता रेल्वेच्या स्टेशनालाही 'हुजूर साहिब नांदेड' असेच नाव आहे. तेथून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापते, आणि तिच्या वाटेवरील काही स्टेशनांत सेवाभावी माणसे डबे घेऊन उभी असतात. गाडीतल्या कोणालाही ती जेवू घालतात. तिकिटाचा वर्ग ती पाहत नाहीत.

इतक्या दूरवरून आलेल्या माणसांना उतरावयास जागा हवी. २००८ साली गुरू-ता-गद्दीचा, म्हणजे ग्रंथसाहेबांना गुरुपद दिल्याचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्ताने नांदेडचे रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले आणि यात्रेकरूंसाठी नव्या इमारती उभ्या राहिल्या. आज गुरुद्वाऱ्याच्या आसपास यात्री निवास आहेत, स्टेशनाच्या बाजूला लहानमोठी लॉज आहेत. त्यांत डोळे दिपविणारे काही नाही. परंतु एका सामान्य कुटुंबाला एका रात्रीपुरते काय लागते, हे पाहावयाचे असेल तर अशा जागेइतकी चांगली जागा नाही.

हिवाळ्याच्या दिवसांत एका संध्याकाळी लातूर जिल्ह्यातील असेच एक कुटुंब नांदेडला उतरले. अहमदपूर तालुक्यातील एका खेड्याचे ते राहणारे. पंच्याऐंशीच्या घरातील आजी, तिचा शेतकरी मुलगा आणि सातवीत शिकणारी नात अशी तीन माणसे. आजीला माहूरच्या रेणुकामातेचे दर्शन घ्यावयाचे होते. माहूर नांदेड जिल्ह्यातच असले तरी नांदेडपासून चांगले लांब आहे. म्हणून मध्ये नांदेडला मुक्काम करावा, गुरुद्वाऱ्यात माथा टेकवावा आणि पहाटेच्या गाडीने पुढे जावे, असा बेत होता. माळेगाव, लोहा ही गावे मागे टाकीत एस. टी. नांदेडला पोचली तेव्हा दिवस मावळला होता.

स्टेशनाजवळच्या एका लॉजचे भाडे ऐकून मुलाने मान हलविली. दुसऱ्या लॉजमध्ये जागा नव्हती. तेव्हा रिक्षावाल्यानेच त्यांना गुरुद्वाऱ्याजवळच्या एका साध्या यात्री निवासात नेऊन सोडले. दाराशी एक लाकडी टेबल, त्यामागे निळा फेटा बांधलेला एक प्रौढ कारकून, त्याच्या मागे भिंतीवर किल्ल्यांची फळी. आजीने जरा बिचकूनच त्याच्याकडे पाहिले. तो मात्र अस्खलित मराठीत म्हणाला, "या माताजी, खुर्चीवर बसा. खोली आहे." नांदेडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली अनेक शीख कुटुंबे आहेत. त्यांतील काहींचे पूर्वज रणजितसिंगांच्या काळी निजामाच्या मदतीसाठी पाठविलेल्या फौजेबरोबर पंजाबातून आले, आणि इकडचेच झाले. त्यांच्या घरात पंजाबी, दख्खनी हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा सुखाने नांदतात.

कारकुनाने एक जाडजूड नोंदवही पुढे सरकविली. मुलाचा चष्मा घरी राहिला होता. म्हणून नातीने लेखणी हाती घेतली. नाव, वय, गाव, कोठून आलात, येथून कोठे जाणार, माणसे किती, ओळखपत्राचा क्रमांक, येण्याची तारीख व वेळ, जाण्याची तारीख व वेळ, सही. पानभर आडवे पसरलेले रकाने तिने एकेक करून भरले. जाण्याच्या वेळेचा रकाना कारकुनाने मोकळा ठेवावयास सांगितला. आजी खुर्चीवरून वाकून पाहत होती. तिला वाचता येत नव्हते.

"सगळं लिहिलंस का?" तिने विचारले.

"लिहिलं, आजी."

"अजून काही विचारायचं राहिलंय का, बघ त्यांना."

कारकून हसून म्हणाला, "नाही माताजी, एवढंच. ही घ्या किल्ली."

ही नोंदवही काही उगाच ठेवलेली नसते. रात्री एखादा पाहुणा आजारी पडला तर त्याच्या घरी कळवावयास पत्ता हवा. कोणाची वस्तू मागे राहिली तर ती पाठवावयास नाव हवे. कोणी अपराध करून पळाला तर पोलीस प्रथम अशा वह्याच तपासतात. म्हणून परकी माणसे एका छपराखाली झोपवावयाची तर मालकाला त्यांची ओळख पटली पाहिजे, आणि पाहुण्यानेही ती खरी सांगितली पाहिजे. थोडी अनामत रक्कम घेतली जाते, किल्ली परत दिली की ती परत मिळते. व्यवहार दोन मिनिटांचा असतो. पण त्या दोन मिनिटांत एक अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाला आपले दार उघडून देतो.

खोलीत दोन लोखंडी खाटा, एक जादा गादी, भिंतीला खुंट्या, एक पंखा आणि मोरीत नळाखाली एक बादली होती. भिंतीवर नियमांचा कागद डकवलेला होता : परिसरात धूम्रपान व मद्यपान करू नये, पाणी वाया घालवू नये, गरम पाणी सकाळी ठरावीक वेळीच मिळेल. पाण्याविषयीचा नियम लातूरकडच्या माणसाला वाचून दाखवावा लागत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. त्या वर्षीच्या एप्रिलात पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा स्टेशनावर लोकांनी पाहुण्याचे करावे तसे तिचे स्वागत केले. मुलाने नळ सोडून पाहिला, बादली भरली आणि तोटी घट्ट बंद केली.

रात्री तिघे लंगरात गेली. पादत्राणे बाहेर ठेवावयाची, डोके झाकावयाचे, हात धुवून पंगतीत बसावयाचे. चटयांच्या लांबच लांब पट्ट्यांवर मिळेल त्या जागी माणूस बसतो. आजीच्या एका बाजूला लुधियानाकडील एक आडदांड ट्रकमालक होता, दुसऱ्या बाजूला बाजारात हमाली करणारा एक मुलगा. वाढणारे आले, ताटात डाळ पडली, भाजी पडली. पोळी मात्र येथे ताटात टाकीत नाहीत. दोन्ही हात पुढे करून ती घ्यावी लागते. आजीचे हात पुढे झाले, तेव्हा ते थोडे थरथरत होते. जेवण झाल्यावर प्रत्येक जण आपले ताट उचलून नेतो. ती ताटे घासणाऱ्यांत नोकर थोडे, आणि आपणहून येऊन बसलेले यात्रेकरूच अधिक असतात.

पंगतीची ही चाल शिखांचे पहिले गुरू नानक यांच्यापासूनची मानतात. तिसरे गुरू अमरदास यांच्या काळी, भेटीस येणाऱ्याने आधी पंगतीत बसून जेवावे आणि मग गुरूंसमोर यावे असा नियम झाला. बादशहा अकबरसुद्धा तसाच जमिनीवर बसून जेवला, असे परंपरा सांगते. परंतु आजीला त्या रात्री सर्वांत अधिक नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. ज्या ग्रंथसाहेबांपुढे तिने माथा टेकविला, त्यांत आपल्या नामदेवमहाराजांची एकसष्ट पदे आहेत, हे कारकुनाने तिला सांगितले. नामदेवांचे गाव म्हणून मानले जाणारे नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे; नांदेडहून ते फार दूर नाही. तेथला शिंप्याचा मुलगा पंढरपूरला जातो, पुढे पंजाबात जातो, आणि त्याची वाणी ग्रंथात शिरून पुन्हा गोदाकाठी परत येते!

खोलीवर आल्यावर दिवा मालवण्यापूर्वी नातीने विचारले, "आजी, तू वहीत काय राहिलं म्हणून विचारीत होतीस?"

आजी काही वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितले ते असे. देशाला स्वातंत्र्य मिळाले त्याच्या आगेमागे, ती सात-आठ वर्षांची असताना, तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन आषाढीला पंढरपूरला गेला होता. रात्र झाली आणि पावसाची झड लागली. एका धर्मशाळेच्या ओसरीवर कंदील लागलेला होता. बाप पायरीशी उभा राहिला. दारातल्या माणसाने आधी गाव विचारले, आणि मग जात विचारली. बापाने खरे ते सांगितले. तो माणूस रागावला नाही, ओरडलाही नाही. "पुढं व्हा," एवढेच म्हणाला. चंद्रभागेच्या काठी एका झाडाखाली घोंगडी पांघरून बापलेक रात्रभर बसून राहिली. "मला पावसाचं काही वाटलं नाही," आजी म्हणाली. "पण बाप माझ्याकडं बघेना. सकाळपर्यंत बघेना."

दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांना चोखामेळा धर्मशाळेची वाट दाखविली. ही धर्मशाळा गाडगेबाबांनी बांधली होती. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि गाडगे अशा वेषात गावोगाव हिंडून, रस्ते झाडून कीर्तन करणाऱ्या या संताने लोकांकडून पैसा गोळा केला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रांत धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरच्या धर्मशाळेला चोखोबांचे नाव देण्यात बाबांनी फार मार्मिक काम केले. संत चोखामेळा हे नामदेवांचे समकालीन. त्यांना विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून ते मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपूरला मंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधविली, असे सांगतात. ती समाधीसुद्धा दाराबाहेरच आहे. ज्याला दाराबाहेर राहावे लागले, त्याच्या नावाने बाबांनी दार उघडे केले. १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली.

डॉ. आंबेडकरांना तर परक्या गावातील रात्र म्हणजे काय, हे चांगलेच ठाऊक होते. अमेरिकेत व इंग्लंडात शिक्षण घेऊन ते १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले. एवढा विद्वान तरुण. पण बडोद्यात उतरावयास त्यांना जागा मिळेना. हिंदूंची हॉटेले त्यांना घेणार नाहीत, हे ते जाणून होते. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते गेले. तेथे पारशांशिवाय कोणी राहू नये असा नियम होता. परंतु तेथे दुसरे पाहुणे नव्हते आणि व्यवस्थापकालाही उत्पन्न हवे होते. नोंदवहीत पारशी नाव लिहावयाचे, या अटीवर दिवसाला दीड रुपया भाड्याने त्यांना माडीवर जागा मिळाली. अकराव्या दिवशी सकाळी हाती काठ्या घेतलेली डझनभर माणसे जिना चढून वर आली आणि त्यांना बाहेर पडण्याचे फर्मावून गेली. गावातील दोन मित्रांकडे त्यांनी आसरा विचारला. दोघांनाही तो देता आला नाही. एका सार्वजनिक बागेत काही तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. पुढे त्यांनी स्वतःच हा सारा प्रसंग लिहून ठेवला आहे. वहीतल्या खोट्या नावाची खंत त्या लेखनात स्पष्ट दिसते. खरे नाव लिहिले तर छप्पर मिळत नाही, आणि छप्पर हवे तर नाव खोटे लिहावे लागते, अशा पेचात माणसाला उभे करणारी ती वही होती.

हा रकाना वहीतून आपोआप गळून पडलेला नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला दहा दिवस उपोषण केले, तेव्हा कोठे विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना उघडले. २६ जानेवारी १९५० पासून भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाटही त्यात आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणत्याही नागरिकाला तेथे अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली जो कायदा झाला त्यात तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द नावानिशी घातलेले आहेत, आणि तेथे अस्पृश्यतेच्या कारणाने अडविणाऱ्यास शिक्षा सांगितलेली आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पावसात पायरीशी उभी राहिलेली माणसे असली पाहिजेत. एरवी असे शब्द कायद्यात येत नाहीत. डॉ. आंबेडकर आणि गाडगेबाबा हे दोघेही १९५६ च्या डिसेंबरात, चौदा दिवसांच्या अंतराने, जग सोडून गेले.

काम पुरते झाले, असे मात्र म्हणता येत नाही. तीर्थक्षेत्रांत जातीच्या नावाच्या पाट्या लावलेल्या धर्मशाळा अजून दिसतात. लातूर शहरात दहावी-बारावीच्या अभ्यासासाठी साऱ्या मराठवाड्यातून मुले येतात. नांदेड यात्रेकरूंना उतरवून घेते, तसे लातूर विद्यार्थ्यांना उतरवून घेते. वसतिगृहे, भाड्याच्या खोल्या, खानावळी आणि दुपारचे डबे यांवर तेथील कितीतरी घरे चालतात. कोठलेही शहर असो, खोली पाहावयास गेलेल्या मुलाला अजूनही काही ठिकाणी गाव विचारून झाल्यावर आडनाव जरा लांबवून विचारले जाते. छापील वहीत तो रकाना नसतो, पण विचारणाऱ्याच्या मनात असतो. हे ज्याला विचारले जाते त्याला लगेच कळते.

नांदेडला त्या रात्री शेजारच्या खोलीत पंजाबातून आलेले एक वृद्ध जोडपे होते. पहाटे चार वाजता ते उठले. आजीही उठली. मोरीजवळच्या नळावर दोन म्हाताऱ्यांची गाठ पडली. एकीला मराठी येत नव्हते, दुसरीला पंजाबी. तरी गुडघ्यांच्या दुखण्याविषयी त्या बराच वेळ बोलल्या, आणि दोघींना एकमेकींचे सारे समजले असे दिसले. पंजाबी बाईने गरम पाण्याची बादली आधी आजीच्या पुढे सरकविली. आजीने निघताना आपल्या शिदोरीतल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी तिच्या हाती दिली.

खोली सोडण्यापूर्वी नातीने चादरींच्या घड्या केल्या, दिवा व पंखा बंद आहे की नाही ते पाहिले आणि केर एका कोपऱ्यात गोळा केला. "पैसे दिलेत, मग झाडायचं कशाला?" असे तिच्या बापाने म्हणून पाहिले, पण आजीकडे पाहून तो गप्प बसला. खाली टेबलाशी तोच कारकून होता. त्याने किल्ली फळीवर अडकविली, अनामत रक्कम मोजून परत दिली आणि वही उघडून कालचे पान काढले. नातीने जाण्याच्या वेळेचा रकाना भरला : पहाटे पाच वाजून दहा मिनिटे. बाहेर रिक्षातून नुकतेच उतरलेले एक कुटुंब सामान मोजीत उभे होते. माहूरची गाडी गाठावयाची म्हणून तिघे झपाझप चालू लागली.

स्वाध्याय

१. 'उतरणे' हा शब्द प्रवासाच्या संदर्भात कोणकोणत्या अर्थांनी वापरला जातो?

२. नोंदवही ठेवण्याची कोणती कारणे पाठात दिली आहेत? तुम्हांला आणखी एखादे कारण सुचते काय?

३. "अजून काही विचारायचं राहिलंय का?" असे आजीने का विचारले असेल?

४. गाडगेबाबांनी पंढरपूरच्या धर्मशाळेला चोखोबांचे नाव दिले, याला पाठात 'मार्मिक काम' का म्हटले आहे?

५. "पण बाप माझ्याकडं बघेना." आजीच्या वडिलांच्या मनात त्या रात्री काय चालले असेल ते आठ-दहा ओळींत लिहा.

६. पुढील शब्द वाक्यांत उपयोग करून लिहा : विवंचना, दिवेलागण, अस्खलित, अनामत, शिदोरी.

७. तुमच्या गावात किंवा जवळच्या तीर्थक्षेत्रात जुनी धर्मशाळा असल्यास ती कोणी, केव्हा व कोणासाठी बांधली याची माहिती वडीलधाऱ्या माणसांना विचारून मिळवा आणि वर्गात सांगा.